तोंडात मिठाची गुळणी धरलेलं ब्रिटन

ब्रेक्झिट कोणामुळे झालं, या प्रश्नाचं उत्तर आता तिथली शाळकरी पोरंही देतील. लाल बसवर आठवड्याला ३५ कोटी पौंडांचा आकडा रंगवणारे, परकीयांची भीती विकणारे, पक्षातलं भांडण मिटवण्यासाठी देश पणाला लावणारे, या सगळ्यांची नावं जगजाहीर आहेत. राज्यशास्त्राचा माणूस म्हणून मला त्या यादीत आता फारसा रस उरलेला नाही. खोटं बोलणाऱ्यांनी ब्रेक्झिट आणलं, हे मान्य. पण ते टिकवलं आणि पोसलं ते खरं काय हे ठाऊक असूनही तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेल्यांनी. माझा आरोप त्यांच्यावर आहे, आणि २०२४ मध्ये ४११ जागा घेऊन सत्तेवर आलेला मजूर पक्ष या आरोपींत पहिला आहे.

तरी सुरुवात तत्कालीन पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांच्यापासूनच करावी लागते. हात दाखवून अवलक्षण करून घेण्याचं याहून ठळक उदाहरण अलीकडच्या युरोपात मला तरी दिसत नाही. हुजूर पक्षातल्या युरोपविरोधी खासदारांनी त्यांना सळो की पळो करून सोडलं होतं आणि बाहेरून कट्टर युरोपविरोधी नेते नायजेल फराज मतं पळवत होते. त्यावर उतारा म्हणून जानेवारी २०१३ मध्ये कॅमेरॉन यांनी सार्वमताचं आश्वासन दिलं. सामान्य मतदाराच्या चिंतांच्या यादीत तेव्हा युरोप बराच खाली होता, पण पक्षश्रेष्ठींची झोप मतदाराच्या चिंतेपेक्षा महत्त्वाची ठरली. २३ जून २०१६ ला मतदान झालं. ७२ टक्के लोक मतदानाला आले. ५१.९ टक्के म्हणाले, बाहेर पडा. ४८.१ टक्के म्हणाले, राहा. आणि कॅमेरॉन दुसऱ्याच दिवशी सकाळी राजीनामा जाहीर करून मोकळे झाले.

मतपत्रिकेवर राहायचं की निघायचं, एवढंच विचारलं होतं. निघून जायचं कुठे, हे कोणी विचारलं नव्हतं. नॉर्वेसारखं बाहेर राहून बाजारपेठेत आत? कॅनडासारखा नुसता व्यापार करार? की सरळ दार आपटून चालते व्हा? एक कोटी ७४ लाख मतांमध्ये ही सगळी उत्तरं मिसळलेली होती आणि ती वेगळी करण्याची कोणतीही सोय नव्हती. त्यावर कडी म्हणजे, निकाल बाहेर पडण्याच्या बाजूनं लागला तर काय करायचं, याची तयारीच कॅमेरॉन सरकारनं नोकरशाहीला करू दिली नव्हती. संसदेच्या परराष्ट्र व्यवहार समितीनं पुढच्याच महिन्यात याला घोर निष्काळजीपणा ठरवलं. एवढं होऊन त्याची शिक्षा कोणाला झाली नाही. कॅमेरॉन तर २०२३ मध्ये परराष्ट्रमंत्री म्हणून थाटात परत आले.

सार्वमत हे साधनच वाईट, असं माझं म्हणणं नाही. शेजारच्या आयर्लंडमध्ये राज्यघटना बदलायची तर सार्वमत घ्यावंच लागतं, आणि तिथे मतदाराला नेमका कोणता मजकूर बदलणार हे आधी कळतं. २०१८ मध्ये गर्भपाताच्या प्रश्नावर मत मागण्याआधी नागरिकांच्या सभेत महिनोन् महिने चर्चा झाली, आणि बंदी उठली तर कायदा कसा असेल याचा आराखडा सरकारनं मतदानाआधीच प्रसिद्ध केला. लोकांनी मत दिलं ते माहीत असलेल्या गोष्टीला. ब्रिटननं कोरा कागद पुढे केला, लोकांची सही घेतली आणि मग त्यावर काय लिहायचं यावरून साडेतीन वर्षं मारामारी केली.

इथे ब्रेक्झिटविरोधी मंडळी माना डोलावू लागतात. म्हणून त्यांचाही हिशोब चुकता करतो. बाहेर पडायला मत देणारे अडाणी, वंशद्वेष्टे, फसवले गेलेले म्हातारे, हे लंडनच्या दिवाणखान्यांमधलं आवडतं निदान. मला ते आळशीपणाचं वाटतं. २०१० नंतरच्या काटकसरीच्या धोरणात स्थानिक परिषदांचा निधी छाटला गेला, वाचनालयं बंद पडली, कल्याणकारी भत्ते आटले. जिथे ही कात्री जास्त चालली तिथे युरोपविरोधी मतं कशी वाढत गेली, हे अर्थतज्ज्ञ थिमो फेट्झर यांनी २०१९ मध्ये आकडेवारीनिशी दाखवून दिलं. ज्याच्या गावाला वर्षानुवर्षं कोणी विचारलं नाही, त्याच्या हाती अचानक एक असं मत आलं की जे मोजलं जाणार होतं. त्यानं ते वापरलं. आणि त्याला थोपवायला राहण्याच्या बाजूचे लोक काय घेऊन आले? तर अर्थखात्याचा एक अहवाल: बाहेर पडलात तर प्रत्येक कुटुंबामागे वर्षाला ४,३०० पौंडांचं नुकसान. ज्याच्याकडे गमावण्यासारखं फारसं उरलेलंच नाही, त्याला नुकसानीची भीती घालणारे हे थोर रणनीतिकार. युरोप चांगला का आहे, हे त्या संपूर्ण प्रचारात त्यांना एकदाही धडपणे सांगता आलं नाही.

आता त्या प्रसिद्ध घोषणेकडे वळू: ताबा परत घ्या. ताबा म्हणजे संसदेचं सार्वभौमत्व, असं आम्हाला सांगण्यात आलं होतं. मग झालं काय? युरोपीय महासंघातून बाहेर पडण्याची नोटीस संसदेला न विचारता देण्याचा सरकारचा प्रयत्न न्यायालयांनी हाणून पाडला, तर एका वृत्तपत्रानं न्यायाधीशांनाच जनतेचे शत्रू ठरवलं. २०१९ मध्ये पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी ऐन मोक्याला पाच आठवडे संसदेला कुलूप लावलं. २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या अकराच्या अकरा न्यायाधीशांनी ते बेकायदा ठरवलं, तेव्हा कुठे दारं उघडली. ब्रेक्झिटसाठी केलेल्या २०१८ च्या कायद्यानं मंत्र्यांना संसदेचे कायदे अधिसूचनेच्या वाटेनं बदलण्याचे अधिकार दिले. या अधिकारांना तिथे मनमानी करणाऱ्या आठव्या हेन्री राजाचं नाव आहे, यातच सगळं आलं. आणि कळस म्हणजे २०२० चा डिसेंबर. बाराशेहून अधिक पानांचा व्यापार करार नाताळच्या आदल्या दिवशी ठरला आणि सार्वभौम संसदेनं ३० तारखेला एका दिवसात त्याचा कायदा करून टाकला. आपल्याकडची ग्रामपंचायतसुद्धा गटाराच्या ठरावाला यापेक्षा जास्त वेळ देत असेल. ताबा ब्रसेल्सहून परत आला खरा, पण तो संसदेपर्यंत पोचलाच नाही. डाउनिंग स्ट्रीटवरच थांबला.

व्यापाराचं बोलू. मुंबईचे जकात नाके ज्यांना आठवतात त्यांना हे समजावून सांगायला नको. मुलुंड, दहिसरला ट्रकच्या रांगा, कागदपत्रांचे गठ्ठे, आणि सडणारा भाजीपाला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि ते नाके इतिहासजमा झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये ब्रिटननं महासंघ सोडण्याची नोटीस दिली होती. आपण देशांतर्गत नाके उखडत होतो, तेव्हा ते आपल्या सगळ्यात मोठ्या बाजारपेठेच्या तोंडावर नवे नाके उभारायला निघाले होते. करारामुळे शुल्क शून्य राहिलं, पण सीमाशुल्काची घोषणापत्रं, पशुवैद्याचे दाखले, माल मूळचा कुठला याचे पुरावे हे सगळं मागे लागलं. मोठ्या कंपन्यांनी माणसं नेमून निभावलं. छोट्या व्यावसायिकांपैकी अनेकांनी युरोपला माल पाठवणंच बंद केलं. आणि युरोपातून येणाऱ्या मालाची तपासणी? ती सुरू करण्याची तारीख ब्रिटिश सरकार स्वतःच वारंवार पुढे ढकलत राहिलं. अखेर ती २०२४ मध्ये सुरू झाली.

सरकारच्याच स्वतंत्र अर्थसंकल्पीय कार्यालयाचा अंदाज असा की, ब्रेक्झिटमुळे देशाची उत्पादकता दीर्घकाळात ४ टक्क्यांनी कमी राहील. याच्या बदल्यात मिळालं काय? ऑस्ट्रेलियाशी करार, ज्यातून खुद्द सरकारच्या अंदाजानं ०.०८ टक्के वाढ. तो करार झाला तेव्हा मंत्रिमंडळात असलेल्या कृषिमंत्र्यांनीच पद गेल्यावर तो फारसा चांगला नसल्याची कबुली दिली. मग आपल्याशी झालेला करार, ज्यावर जुलै २०२५ मध्ये मोदी यांच्या उपस्थितीत सह्या झाल्या. व्हिस्कीवरचं आपलं १५० टक्के आयात शुल्क आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर येणार. ब्रिटिश सरकारच्या हिशोबानं त्यांना दीर्घकाळात यातून वर्षाला ४.८ अब्ज पौंड मिळतील, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या साधारण ०.१ टक्का. चार रुपये घालवायचे आणि दहा पैसे कमावल्याचा पेढा वाटायचा, असा हा सौदा आहे.

उत्तर आयर्लंडचं तर प्रचारात फारसं कोणी नावही घेतलं नव्हतं, निदान इंग्लंडमध्ये तरी. १९९८ च्या करारानं तिथे बंदुका थांबल्या, त्यामागे आयर्लंडच्या दोन भागांमधली सीमा जवळपास दिसेनाशी होणं हे मोठं कारण होतं. ब्रिटन बाहेर पडल्यावर सीमा कुठेतरी येणारच होती. जॉन्सन यांनी ती समुद्रात टाकली आणि अशी कोणतीही सीमा नाही म्हणून हात झटकले. इंग्लंडहून बेलफास्टला सॉसेज जाऊ शकतं की नाही, यावर महिनोन् महिने खल चालला. तिथलं प्रांतिक सरकार दोन वर्षं बंद पडलं. २०२४ मध्ये ते पुन्हा सुरू झालं, तेव्हा प्रमुखपदी आयर्लंडच्या एकीकरणाचा पुरस्कार करणाऱ्या शिन फेनच्या मिशेल ओनील होत्या. ब्रिटनच्या एकतेच्या शपथा घेणाऱ्या हुजूर पक्षाची ही कामगिरी.

आणि स्थलांतर. बाहेर पडण्याच्या बाजूचा सगळ्यात धारदार मुद्दा तोच होता. युरोपीय लोकांचं मुक्त येणं थांबलं, हे खरं. पण देशाला परिचारिका, वृद्धांची काळजी घेणारे, शेतमजूर आणि फी भरणारे विद्यार्थी हवेच होते. जॉन्सन सरकारनंच व्हिसाची दारं उघडली आणि २०२३ च्या सुमारास निव्वळ स्थलांतर वर्षाला नऊ लाखांच्या वर गेलं. सार्वमताच्या काळात ते तीन लाखांच्या आसपास होतं. पोलंडचा सुतार गेला, केरळ आणि नायजेरियाच्या परिचारिका आल्या. छोट्या बोटींतून इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्यांची संख्या २०१८ मध्ये जेमतेम ३०० होती, ती २०२२ मध्ये ४५ हजारांच्या पुढे गेली. आश्रयार्थींना युरोपात परत पाठवण्याची जी लंगडी का होईना व्यवस्था होती, ती ब्रेक्झिटनं गमावली. मग आश्रयार्थींना रवांडाला धाडण्याचं नाटक झालं. सर्वोच्च न्यायालयानं रवांडा सुरक्षित नाही म्हटलं, तर ऋषी सुनक यांच्या सरकारनं तो सुरक्षित आहे असा कायदाच केला. कोट्यवधी पौंड खर्चून शेवटी गेले ते चार जण, तेही स्वखुशीनं.

या खेळात आपले लोकही प्यादी म्हणून वापरले गेले. २०१६ मध्ये ब्रेक्झिटवादी प्रीती पटेल यांनी करी हाउसच्या मालकांना सांगितलं होतं की, युरोपीय मजुरांची गर्दी हटली की दक्षिण आशियातल्या आचाऱ्यांना व्हिसा मिळणं सोपं होईल. अनेक मालकांनी विश्वास ठेवला. पुढे त्याच पटेल गृहमंत्री झाल्या आणि कुशल कामगाराच्या व्हिसासाठी पगाराची अट अशी काही आली की बर्मिंगहॅममधल्या साध्या भटारखान्याला ती झेपेना. गोव्याची गोष्ट आणखी बोचरी आहे. १९६१ पूर्वीच्या गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना मिळणाऱ्या पोर्तुगीज नागरिकत्वाच्या जोरावर हजारो गोंयकार स्विंडन, साउथॉलमध्ये स्थिरावले, गोदामांत आणि कारखान्यांत राबले. ज्या स्विंडनमध्ये त्यांनी घरं केली, त्या गावानं बाहेर पडण्याला कौल दिला. जे आधीच तिथे होते त्यांना नोंदणी करून राहता आलं. मागून येणाऱ्यांसाठी लिस्बनच्या वाटेनं इंग्लंडला जाण्याचा रस्ता २०२० च्या अखेरीला बंद झाला.

आणि पुण्या-नाशिकच्या घराघरांतून कर्ज काढून एक वर्षाच्या मास्टर्सला जाणारी मुलं? शिक्षणानंतर काम करण्याची मुभा थेरेसा मे यांनी गृहमंत्री असताना २०१२ मध्ये काढून घेतली, जॉन्सन यांनी २०२१ मध्ये दोन वर्षांची मुभा परत दिली, सुनक यांनी २०२४ पासून बहुतेक विद्यार्थ्यांना कुटुंब सोबत नेणं बंद केलं, आणि स्टार्मर सरकारनं २०२७ पासून दोन वर्षांचे अठरा महिने करायचं ठरवलं. इंग्लंडमधल्या विद्यार्थ्यांची फी २०२५ पर्यंत वर्षानुवर्षं गोठवलेली होती, म्हणून विद्यापीठांचा गाडा परदेशी मुलांच्या पैशावर चालतो. पैसे त्यांचे घ्यायचे आणि निवडणूक आली की गर्दीला जबाबदार म्हणून बोटही त्यांच्याकडेच दाखवायचं. याला धोरण म्हणत नाहीत, लबाडी म्हणतात.

२०१६ ते २०२४ या काळात ब्रिटननं सहा पंतप्रधान पाहिले. त्यातल्या लिझ ट्रस ४९ दिवस टिकल्या. ब्रेक्झिटचं स्वातंत्र्य वापरून दाखवतो म्हणत त्यांच्या सरकारनं सप्टेंबर २०२२ मध्ये ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली. तिच्यासाठी पैसे कुठून आणणार याचा पत्ता नव्हता. पौंड कोसळला, निवृत्तिवेतन निधी वाचवायला बँक ऑफ इंग्लंडला धावावं लागलं. सार्वभौम देशाला रोखेबाजारानं आठवड्याभरात त्याची जागा दाखवली.

या सगळ्यानंतर मजूर पक्ष आला. कीर स्टार्मर हे साधे गृहस्थ नाहीत. २०१६ पासून ते मजूर पक्षाच्या वतीनं ब्रेक्झिटचं खातं सांभाळत होते, २०१८ च्या पक्ष अधिवेशनात युरोपात राहण्याचा पर्याय खुला असल्याचं सांगून त्यांनी टाळ्या घेतल्या होत्या. नेतेपद मिळाल्यावर मात्र सामायिक बाजारपेठ नाही, सीमाशुल्क संघ नाही, मुक्त संचार नाही, अशा तीन लक्ष्मणरेषा आखून ते आत बसले. आपल्या हयातीत ब्रिटन परत जाईल असं वाटत नाही, हेही निवडणुकीआधी सांगून टाकलं. म्हणजे वाढ हवी, पण वाढीचा सगळ्यात मोठा अडथळा कोणता ते उच्चारायचं नाही. मे २०२५ मध्ये युरोपशी नव्यानं जुळवून घेतलं ते कसं? अन्नधान्याच्या व्यापारात युरोपचे नियम पाळायचे, ते बदलतील तसे आपणही बदलायचे, पण नियम ठरवताना मत नाही. मासेमारीच्या पाण्यात युरोपीय बोटींना २०३८ पर्यंत प्रवेश. पूर्वी ब्रिटन त्या टेबलावर बसून नियम लिहीत होतं. आता दाराबाहेर उभं राहून लिहिलेले नियम उतरवून घेणार. हे करणंही गरजेचं होतं, मी त्याला विरोध करत नाही. माझा राग आहे तो हे का करावं लागतंय, हे लोकांना न सांगण्यावर. वर्षाच्या अखेरीस अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज उत्पादकतेच्या घसरणीबद्दल ब्रेक्झिटचं नाव घेऊ लागल्या, तेही करवाढीचं खापर फोडायला काहीतरी हवं होतं म्हणून.

यावर मजूर पक्षाचे हितचिंतक मला व्यवहार शिकवतात. उत्तर इंग्लंडमधले परत मिळालेले मतदार दुखावतील, जुनी जखम कशाला उकरायची, असं त्यांचं म्हणणं. हा युक्तिवाद क्षुल्लक नाही, २०१९ च्या निवडणुकीतला मजूर पक्षाचा पराभव मी विसरलेलो नाही. पण जनमत चाचण्यांमध्ये बाहेर पडणं ही चूक होती असं म्हणणारे गेली काही वर्षं सातत्यानं बहुमतात आहेत. तरीही हा पक्ष अल्पमताला घाबरून बहुमताशी बोलत नाही. आणि गप्प बसून मतदार टिकले का? मे २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत फराज यांच्या रिफॉर्म यूकेनं दहा परिषदा जिंकल्या आणि पोटनिवडणुकीत रनकॉर्नची संसदीय जागा सहा मतांनी का होईना, मजूर पक्षाकडून हिसकावली.

फराज यांची तर कमालच आहे. ज्या माणसानं आयुष्यभर या एकाच गोष्टीचा ध्यास घेतला, तोच २०२३ मध्ये टीव्हीवर सांगतो की ब्रेक्झिट फसलं, आणि दोष हुजूर पक्षाचा. आग लावणाराच बंबाची वाट अडवून आगीच्या बंदोबस्ताचं कंत्राट मागतोय, आणि लोक ते द्यायला निघालेत. का नाही निघणार? जीवनमान का घसरलं, याचं एकच उत्तर त्यांना मोठ्या आवाजात ऐकू येतं: परदेशी. दुसरं उत्तर ज्यांच्याकडे आहे ते ओठ शिवून बसलेत. एवढंच नाही, तर स्टार्मर यांनी मे २०२५ मध्ये देश अनोळखी लोकांचं बेट बनेल असं भाषण करून फराज यांचंच उत्तर उसनं घेतलं. पुढे त्याबद्दल खेद व्यक्त केला, पण बूंद से गई ती काही परत आली नाही. त्याआधीच्या उन्हाळ्यात साउथपोर्टच्या हत्याकांडानंतर एका खोट्या अफवेवर आश्रयार्थींची हॉटेलं पेटवायला जमाव धावला होता, हे ज्याला आठवतं त्यानं तरी शब्द तोलून वापरायला हवे होते.

त्यात निवडणूक पद्धत आगीत तेल ओतणारी. २०२४ मध्ये मजूर पक्षाला ३३.७ टक्के मतांवर ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या. रिफॉर्मला १४.३ टक्के मतांवर पाच. आज जी पद्धत फराज यांना अडवते, तीच पद्धत तीस टक्क्यांच्या आसपास पोचल्यावर त्यांना सत्तेवर बसवेल. हे गणित आपल्याला नवीन नाही. २०१४ मध्ये ३१ टक्के मतांवर भाजपला एकट्याला २८२ जागा मिळाल्या, ती पद्धत आपण याच देशाकडून घेतली.

कोणा ब्रिटिश पंतप्रधानानं आता उभं राहून तीन वाक्यं बोलावीत, एवढीच माझी मागणी आहे. बाहेर पडल्यामुळे आपण गरीब झालो. तुम्ही ज्या कारणांसाठी मत दिलं ती कारणं खरी होती, पण औषध चुकीचं होतं. आणि सीमाशुल्क संघात परत जायचं तर काय द्यावं लागेल, ते हे आहे, लेखी. यानं तो कदाचित निवडणूक हरेल. पण गप्प बसूनही ती हरणारच असेल, तर निदान खरं बोलून हरावं. लोकांना फसवणं हा लोकशाहीतला जुना रोग आहे आणि त्यावर निवडणूक हे औषध आहे. सगळ्या जबाबदार पक्षांनी मिळून एका सत्यावर पांघरूण घालायचं ठरवलं, तर त्यावर औषध नाही. मत देणार तरी कोणाला?

मराठी वाचकानं यातून इंग्रजांची फजिती पाहिल्याचा आनंद घ्यायला माझी हरकत नाही, इतिहासानं तेवढा हक्क आपल्याला दिलाय. पण तेवढ्यावर थांबू नका. उद्या कोणताही नेता हो-नाहीचा सोपा प्रश्न आणि अस्मितेची मोठी घोषणा घेऊन तुमच्या दारी आला, तर उत्तर देण्याआधी त्याच्याकडून लिहून मागा: हो म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी काय होणार, आणि त्याचे पैसे कोण भरणार. तो टाळाटाळ करू लागला, तर त्याला मत देऊ नका. आणि विरोधातला नेता हे सगळं जाणूनही गप्प बसला असेल, तर त्यालाही देऊ नका.